नौदलाच्या ताफ्यातली जहाजं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेटवेहून मांडव्याला जाणारी लाँच सुटली की थोड्याच वेळात करड्या रंगाची जहाजं दिसायला लागतात. कुणीतरी आपल्या पोराला उचलून दाखवतं, "ते बघ, विक्रांत!" बहुतेक वेळा ती विक्रांत नसते. कधी फ्रिगेट असते, कधी तेलवाहू जहाज, कधी समुद्राचा तळ मोजणारी नौका. मी अलिबागकडचा. या फेरीत शेजारी बसलेल्यांना हे सांगता सांगता बरीच वर्षं गेली, आणि प्रश्न तेच तेच येतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. उदाहरणं आपल्याच नौदलाची घेतली आहेत. मोठ्या जहाजांची नावं सगळ्यांना पाठ असतात; पण ती ज्यांच्या जिवावर समुद्रात टिकतात, त्या जहाजांची फारशी कुणी विचारपूस करत नाही. त्यांच्यावर मी मुद्दाम जास्त लिहिलं आहे.

लांबून जहाज कसं ओळखायचं?

नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाच्या बाजूला, एक इंग्रजी अक्षर आणि आकडा रंगवलेला असतो. तो वाचा. डी म्हणजे विनाशिका, एफ म्हणजे फ्रिगेट, पी म्हणजे कॉर्व्हेट (फ्रिगेटहून लहान युद्धनौका) किंवा गस्ती नौका, के म्हणजे छोटी क्षेपणास्त्र नौका, एल म्हणजे सैन्य किनाऱ्यावर उतरवणारं जहाज, ए म्हणजे तेल-रसद पुरवणारं, जे म्हणजे सर्वेक्षण नौका. विमानवाहू नौकेचं अक्षर आर. डी ६३ दिसलं तर ती आयएनएस (म्हणजे भारतीय नौदलाचं जहाज) कोलकाता, एफ ४७ म्हणजे शिवालिक, ए ५७ म्हणजे शक्ती. पाणबुडीवर मात्र आकडा शोधत बसू नका.

फोटो काढायचा मोह आवरा. गोदीच्या परिसरात त्याला मनाई आहे. डोळ्यांनी बघायला कुणाची हरकत नाही.

इतके प्रकार लागतातच कशाला? एकच मोठं, सगळं करणारं जहाज का बांधत नाहीत?

कारण समुद्रावरची कामं एकमेकांच्या आड येतात. विमानं उडवायला लांबलचक सपाट डेक लागतो, खाडीच्या तोंडाशी पाणबुडी हुडकायला कमी खोल बुडणारं छोटं जहाज लागतं, आणि किनाऱ्याला टेकून रणगाडा उतरवायचा तर तळ सपाट हवा. एका सांगाड्यात हे सगळं बसत नाही.

आपल्याकडे हे फार आधीपासून ठाऊक आहे. मराठा आरमारात दोन-तीन डोलकाठ्यांच्या, तोफांनी भरलेल्या गुराबा होत्या आणि त्यांच्यासोबत वल्ह्यांवर चालणारी चपळ गलबतं. वारा पडला की गलबतं गुराबांना ओढत नेत. गुराब तोफा डागी, गलबत शत्रूच्या अंगाला भिडून माणसं चढवी. एकटी गुराब वारा पडल्यावर जागच्या जागी अडकली असती, आणि एकटं गलबत तोफांपुढे टिकलं नसतं.

विमानवाहू युद्धनौका नेमकं काय करते?

धावपट्टी सोबत घेऊन फिरते. भारताकडे अशा दोन नौका आहेत. विक्रमादित्य रशियाकडून घेतलेली, २०१३मध्ये दाखल झाली. विक्रांत कोचीन शिपयार्डमध्ये बांधली आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी दाखल झाली. विक्रांतची लांबी २६२ मीटर, रुंदी ६२ मीटर. नौदलाचा नवा ध्वजही त्याच दिवशी फडकला; त्यातला अष्टकोन शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला आहे.

विमान उडतं ते पुढच्या वर उचललेल्या उतारावरून. खरी कसोटी उतरताना लागते. डेकवर आडव्या जाड तारा ताणलेल्या असतात आणि विमानाच्या शेपटीखालच्या आकड्याने, म्हणजे हुकने, त्यातली एक पकडायची असते. चाकं डेकला लागताच वैमानिक इंजिनाचा जोर कमी करत नाही, उलट पूर्ण वाढवतो. तार हुकली तर पुढच्या क्षणी पुन्हा हवेत उठता आलं पाहिजे, म्हणून. तार सापडली तर दोन-तीन सेकंदांत विमान थांबतं. हे ऐकून माझ्या शेजारी बसलेली एक आजी बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "रात्रीसुद्धा करतात का हे?" हो आजी, रात्रीसुद्धा.

ही नौका एकटी कधीच निघत नाही. भोवती विनाशिका, फ्रिगेट, तेलवाहू जहाज, बहुधा पाण्याखाली एखादी पाणबुडी, असा सगळा संसार सोबत असतो.

विनाशिका आणि फ्रिगेट यांत फरक काय?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचं सरळसोट उत्तर नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाणतीर (टॉर्पेडो) सोडणाऱ्या छोट्या वेगवान नौका मोठ्या जहाजांना भारी पडू लागल्या. त्यांचा नाश करायला जी जहाजं निघाली ती विनाशिका. फ्रिगेट हा शब्द त्याहून जुना, शिडाच्या काळातला. दुसऱ्या महायुद्धात मालवाहू जहाजांचं पाणबुड्यांपासून रक्षण करणाऱ्या नौकांना तो पुन्हा लावला गेला.

आज ढोबळमानाने असं धरा: विनाशिका मोठी, जास्त क्षेपणास्त्रं वाहणारी, स्वतःसोबत आजूबाजूच्या जहाजांचंही हवाई हल्ल्यापासून रक्षण करणारी. फ्रिगेट थोडी लहान. माझगाव डॉकने बांधलेल्या विशाखापट्टणम वर्गाच्या, म्हणजे एकाच आराखड्याच्या, विनाशिका १६३ मीटर लांब आणि सुमारे ७,४०० टनांच्या आहेत: विशाखापट्टणम, मोरमुगाव, इंफाळ आणि सुरत. त्याच गोदीची नवी निलगिरी ही फ्रिगेट १४९ मीटर लांब. सुरत आणि निलगिरी १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत एकाच दिवशी दाखल झाल्या. शेजारी उभ्या केल्या तर अनोळखी माणसाला फरक सांगता येणार नाही.

शेवटी कोणत्या देशाने काय नाव दिलं यावर बरंच अवलंबून असतं. जपानची इझुमो २४८ मीटर लांब आहे, तिचा डेक सपाट आहे, आणि तरी जपान तिला विनाशिकाच म्हणतो.

आपल्याकडे नावांवरूनही अंदाज येतो. विनाशिकांना अलीकडे शहरांची नावं देतात, फ्रिगेटना डोंगरांची: शिवालिक, सातपुडा, सह्याद्री, निलगिरी, हिमगिरी. एक गंमत सांगतो. २००१मध्ये दाखल झालेली आयएनएस मुंबई मुंबईतच बांधली गेली, पण डिसेंबर २०२३पासून तिचं ठाणं विशाखापट्टणमला आहे.

स्टेल्थ जहाज रडारला दिसतच नाही का?

दिसतं, पण आहे त्याहून खूप लहान दिसतं. बाजू तिरक्या, कडा लपवलेल्या, डेकवर उगाच काही उघडं नाही, त्यामुळे रडारच्या लहरी आल्या वाटेने परत न जाता भलतीकडे फेकल्या जातात. शत्रूला ती मासेमारीची बोट वाटली, तरी काम झालं.

कॉर्व्हेट आणि क्षेपणास्त्र नौका इतक्या लहान असून उपयोग काय?

४ डिसेंबर १९७१ ची रात्र आठवा. निपात, निर्घात आणि वीर या जेमतेम दोन-अडीचशे टनांच्या तीन नौकांनी कराचीवर हल्ला केला आणि पाकिस्तानची खैबर ही विनाशिका व मुहाफिज ही सुरुंगशोधक नौका बुडवली. नौदल दिन ४ डिसेंबरला असतो तो यामुळेच. २०२३मध्ये तो मालवणच्या किनाऱ्यावर, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या साक्षीने साजरा झाला.

शाळेच्या पुस्तकात एवढंच असतं. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. या नौका मुळात स्वतःच्या बंदराच्या रक्षणासाठी होत्या, त्यांचा पल्ला तोकडा. म्हणून वाटेचा मोठा भाग त्यांना दोराने ओढत नेलं. किल्तान आणि कच्छाल या दोन मोठ्या नौका सोबत होत्या आणि पोषक नावाचं तेलवाहू जहाजही. पोषकचं नाव किती जणांना ठाऊक आहे? कराचीहून परतायचं तर इंधन लागणारच होतं.

पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरला, दीवजवळ आयएनएस खुकरी पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजासोबतच राहिले. पाणबुडी शोधण्यात कमी पडलं तर काय होतं, हे आपल्या नौदलाने असं किंमत मोजून शिकलं आहे. आज त्या कामासाठी कामोर्टा वर्गाच्या चार कॉर्व्हेट आहेत. आणि आता किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यासाठी सोळा छोट्या नौकांची मालिका येते आहे. तिच्यातली पहिली १८ जून २०२५ रोजी दाखल झाली, नाव अर्नाळा, वसईजवळच्या किल्ल्यावरून. ती ७७ मीटर लांब आहे आणि पंख्याऐवजी पाण्याच्या झोतावर चालते, त्यामुळे कमी खोलीतही बिनधास्त फिरते.

पाणबुड्यांचे किती प्रकार असतात?

मुख्य तीन. डिझेल-विजेवर चालणारी, अणुशक्तीवर चालणारी हल्लेखोर, आणि अणुशक्तीवर चालून अण्वस्त्रधारी क्षेपणास्त्रं बाळगणारी.

पहिल्या प्रकारातल्या सहा स्कॉर्पीन पाणबुड्या माझगावात बांधल्या: कलवरी, खांदेरी, करंज, वेला, वागीर, वागशीर. पहिली २०१७ला, शेवटची २०२५ला दाखल झाली. खांदेरी हे नाव आमच्या थळच्या समोरच्या किल्ल्याचं. त्याच्यासाठी १६७९मध्ये शिवरायांच्या आरमाराने इंग्रजांशी झुंज दिली होती. लाँचमधून कधी पाणबुडी पाण्यावर दिसली तर तिचा फार थोडा भाग दिसतो, म्हणून लोक फसतात. लांबी साडेसदुसष्ट मीटर असते, आत चाळीस-बेचाळीस माणसं. पाण्याखाली ती बॅटरीवर चालते, म्हणून आवाज जवळपास नाही. पण बॅटरी भरायला डिझेल इंजिन चालवावं लागतं, आणि इंजिनाला हवा लागते. त्यासाठी वर येऊन एक नळी पाण्याबाहेर काढायची. तोच तिचा धोक्याचा काळ.

हा काळ कमी करण्यासाठी, बाहेरच्या हवेशिवाय वीज बनवणारी यंत्रणा आपल्याच अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेने विकसित केली आहे. स्कॉर्पीन पाणबुड्यांमध्ये ती बसवण्याचं काम माझगाव डॉककडे आहे. अंबरनाथ स्टेशनातून रोज हजारो लोक लोकल पकडतात, त्यांना हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

अणुशक्तीवरच्या पाणबुडीला वर यायची गरज जवळपास नसते, आतला अन्नसाठा संपेल तेवढीच मर्यादा. अरिहंत आणि २०२४ला दाखल झालेली अरिघात या तिसऱ्या प्रकारातल्या. दुसऱ्या प्रकारातली चक्र रशियाकडून भाड्याने घेतली होती, ती २०२१मध्ये परत गेली.

भर समुद्रात इंधन संपलं तर?

संपू देत नाहीत. त्यासाठी दीपक, शक्ती, ज्योती, आदित्य ही तेलवाहू जहाजं आहेत. दीपक आणि शक्ती इटलीत बांधलेली, १७५ मीटर लांबीची.

तेल भरण्याची पद्धत सांगतो, कारण ती समजली की नाविकांविषयीचा आदर दुप्पट होतो. दोन्ही जहाजं थांबत नाहीत. ताशी बावीस ते अठ्ठावीस किलोमीटरच्या वेगाने, शेजारी शेजारी, मध्ये तीस ते पन्नास मीटर अंतर ठेवून चालत राहतात. आधी एका जहाजावरून दुसऱ्यावर बंदुकीने बारीक दोरी मारतात. त्या दोरीने जाड दोर, जाड दोराने पोलादी तार, आणि तारेवरून लोंबत तेलाचा रबरी नळ पलीकडे येतो. आणखी एक दोरी दोन जहाजांमध्ये ताणलेली असते, तिच्यावर ठरावीक अंतराने रंगीत निशाणं, म्हणजे अंतर वाढलं की घटलं ते नुसत्या नजरेने कळावं. अडचण अशी की दोन जहाजांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात पाणी जोराने वाहतं, तिथला दाब कमी होतो आणि जहाजं एकमेकांकडे ओढली जातात. सुकाणूवरचा माणूस तासन् तास अर्ध्या-एका अंशाच्या हिशेबाने सुकाणू हलवत असतो. लाटा उसळत असतात, पाणी अंगावर येत असतं, आणि रात्र असेल तर लाल मिणमिणता उजेड. हे साधलं तर महिनोन्महिने ताफा बंदराला न लागता बाहेर राहतो. त्यानंतरही बंदर गाठावं लागतं ते बहुधा दुरुस्तीसाठी, तेलासाठी नाही.

अशी आणखी पाच मोठी रसद जहाजं, प्रत्येकी सुमारे ४४,००० टनांची, विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डकडे बांधायला दिली आहेत. माझ्या मते ही अलीकडच्या काळातली सर्वांत शहाणपणाची खरेदी आहे.

सुरुंग काढणारी जहाजं आहेत का आपल्याकडे?

इथे मन खट्टू होतं. सोव्हिएत बनावटीच्या जुन्या सुरुंगशोधक नौका २०१९पर्यंत सगळ्या निवृत्त झाल्या, आणि त्यांची जागा घेणाऱ्या नौकांची योजना वर्षानुवर्षं रखडली. जुलै २०२५मध्ये नव्या नौकांच्या खरेदीला तत्त्वतः मंजुरी मिळाली आहे. या नौकांचा सांगाडा लोखंडाचा चालत नाही, कारण समुद्रातला सुरुंग चुंबकत्वाने फुटू शकतो. काचतंतू किंवा लाकूड वापरावं लागतं. एखाद्या बंदराच्या तोंडाशी चार-दोन स्वस्त सुरुंग टाकले तरी कोट्यवधींची जहाजं आत अडकून पडतात. मुंबई बंदराकडे बघताना हा विचार माझ्या मनातून जात नाही.

युद्ध नसताना ही जहाजं काय करतात?

खूप काही. आयएनएस जलाश्व हे मूळचं अमेरिकेचं जहाज २००७मध्ये आपल्याकडे आलं. त्याचं खरं काम सैन्य आणि वाहनं किनाऱ्यावर उतरवण्याचं. मे २०२०मध्ये, कोरोनाच्या दिवसांत, त्याच जलाश्वने मालदीवमध्ये अडकलेल्या ६९८ भारतीयांना कोचीला आणलं.

गोवा शिपयार्डने बांधलेली आयएनएस सुमित्रा ही गस्ती नौका आकाराने बेताची, शस्त्रंही बेताची. जानेवारी २०२४च्या अखेरीस तिने सोमालियाजवळ दीड दिवसात दोन मच्छीमार जहाजं चाच्यांच्या तावडीतून सोडवली, एकावर इराणी खलाशी होते, दुसऱ्यावर पाकिस्तानी. त्याच वर्षी मार्चमध्ये आयएनएस कोलकाताने रुएन हे मालवाहू जहाज सोडवलं आणि ३५ चाचे पकडून मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केले.

समुद्राचा तळ मोजणारी नौका कशासाठी?

नकाशासाठी. कुठे किती पाणी, कुठे खडक, कुठे गाळ, हे कळल्याशिवाय कोणतंही जहाज बंदरात शिरू शकत नाही, तुमचं-आमचं सामान आणणारं मालवाहूसुद्धा नाही. संधायक वर्गाच्या नव्या नौका २०२४पासून दाखल होत आहेत. त्यांनी गोळा केलेल्या माहितीवरून नकाशे बनतात ते समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, डेहराडूनला.

अशीच एक जिवाभावाची नौका म्हणजे निस्तार, १८ जुलै २०२५ रोजी दाखल झालेली. पाणबुडी तळाशी अडकली तर आतल्या माणसांना वाचवणाऱ्या छोट्या बचाव-पाणबुडीची ही आई. ती बचाव-पाणबुडी ६५० मीटर खोलीपर्यंत जाऊ शकते.

लोणावळ्याला आयएनएस शिवाजी आहे म्हणतात. डोंगरावर जहाज कसं?

जहाज नाही, नौदलाच्या अभियंत्यांचं प्रशिक्षण केंद्र आहे, १९४५पासूनचं. किनाऱ्यावरच्या ठाण्यांनाही आयएनएस लावण्याची पद्धत आहे. मालाडची हमला, मुंबईची आंग्रे, गोव्याची हंसा, ही सगळी अशीच जमिनीवरची.

पांढऱ्या रंगाची, तिरका पट्टा असलेली जहाजं कोणाची?

तटरक्षक दलाची. ते १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात उभं राहिलेलं वेगळं दल आहे. आमच्या भागातल्या कोळी बांधवांना अडचणीत पहिली हाक मारावीशी वाटते ती यांनाच.

आजही शिडाची जहाजं का ठेवतात?

वारा आणि लाट अंगाने ओळखायला शिकवण्यासाठी. तरंगिणी आणि सुदर्शिनी ही प्रशिक्षण जहाजं गोव्यात बांधली. म्हादेई आणि तारिणी या छोट्या नौकाही गोव्याच्याच. कमांडर दिलीप दोंदे यांनी म्हादेईवरून २००९-१०मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. तारिणीवरून सहा महिला अधिकाऱ्यांनी प्रदक्षिणा केली, त्या मे २०१८मध्ये परतल्या.

आणि कौंडिण्य! अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून गोव्यात बांधलेली ही नौका. फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. डिसेंबर २०२५मध्ये ती पोरबंदरहून मस्कतच्या सफरीला निघाली.

एक जहाज बांधायला किती वर्षं लागतात?

१७ मे २०२२ रोजी माझगावात सुरत आणि उदयगिरी एकाच दिवशी पाण्यात सोडल्या. सुरत नौदलात आली जानेवारी २०२५ला, उदयगिरी ऑगस्ट २०२५ला. म्हणजे पाण्यात उतरल्यावरही अडीच-तीन वर्षं. आतल्या तारा, नळ, रडार, तोफा, मग समुद्रातल्या चाचण्या, हे सगळं नंतर होतं. आणि पाण्यात सोडण्याआधी पोलाद कापण्या-जोडण्यात काही वर्षं गेलेली असतात.

आतून बघायला कुठे मिळेल?

विशाखापट्टणमला कुरसुरा पाणबुडी किनाऱ्यावर ठेवली आहे, आत फिरता येतं. दीवला खुकरी नावाचीच नंतरची कॉर्व्हेट स्मारक म्हणून आहे. मुंबईत जुनी विक्रांत संग्रहालय म्हणून उभी होती. मी मुलाला घेऊन गेलो होतो. विमानं वर-खाली नेणाऱ्या लिफ्टच्या काठाशी तो कितीतरी वेळ उभा होता. १९७१मध्ये बंगालच्या उपसागरात लढलेली ती नौका २०१४मध्ये मुंबईच्या दारूखाना या जहाजं तोडण्याच्या भागात तोडायला घेतली. तो सल आहे.

आता निवृत्त झालेलं आयएनएस गुलदार सिंधुदुर्गात निवतीजवळ समुद्राच्या तळाशी ठेवून पाण्याखालचं संग्रहालय करण्याचा प्रकल्प महाराष्ट्र शासनाने हाती घेतला आहे. सैन्य किनाऱ्यावर उतरवणारं जहाज होतं ते, सपाट तळाचं.